एकविसावी रात्र

हणमंत केंजळे यांनी बायकोला शब्द दिला होता, तो एकवीस रात्रींचा.

"दिवस नकोत मला," शालनताई म्हणाल्या होत्या. "दिवसा तुम्ही घरात नव्हतासा म्हणून माझं कधी काय अडलं न्हाई. मला रात्री पाहिजेत. एकवीस रात्री, आणि त्यातल्या एकाबी रात्री उठून बाहेर जायचं न्हाई. तार तुटू दे, खांब पडू दे."

"आता मला कोण बोलवतंय?" हणमंतराव हसले. "रिटायर माणसाला रात्री फक्त लघवी बोलावती."

"तिची सोय गाडीत हाय. तेवढी सूट दिली."

मागणी ऐकायला साधी होती, पण ती लाईनमनच्या बायकोची होती. पस्तीस वर्षं हणमंतराव पाटण तालुक्यातल्या डोंगराळ भागात खांबांवर चढले. वादळ सुटलं की बाकीची माणसं घरात शिरतात. हे घरातून बाहेर पडायचे. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला तिसरा अध्याय चालू असताना ट्रान्स्फॉर्मर जळाल्याचा फोन आला, आणि उरलेली कथा भटजींनी नव्या नवरीला एकटीलाच ऐकवली. त्या दिवसापासून तेहतीस वर्षं शालनताईंच्या झोपेचा आणि फोनच्या घंटीचा संसार चालला होता. त्यांनी तक्रार फारशी केली नाही. म्हणून तर हणमंतरावांना वाटत राहिलं, की तक्रार नाहीच.

निवृत्तीनंतर त्यांनी घरगाडी घेतली. पूर्वी जिला लोक कॅराव्हॅन म्हणत, तीच ही. आत दोघांपुरता बिछाना, ओटा, शेगडी, न्हाणी. टपावर सूर्याची वीज धरणारी काळी पातळ चादर आणि जमिनीखालच्या कप्प्यात सोडियमची बॅटरी. ऊन असेल तर ही गाडी कुणाच्या बापाला विचारत नसे. तारा नाहीत, खांब नाहीत, मीटर नाही. जन्मभर तारांना लोंबकळलेल्या माणसाला याचं फार कौतुक वाटलं.

कौतुक वाटलं नाही ते शेजारपेटीचं.

एकट्या गाडीची वीज तिच्यापुरती असते. दोन दिवस ढग आले, की रात्री डोंगरात ती गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. शेगडी बंद, दिवा बंद, गॅस गळला तर ओरडणारी घंटासुद्धा बंद. अशा काही गाड्यांतली माणसं थंडीनं आणि धुरानं दगावली, तेव्हा नियम आला: मुक्कामाच्या तळावर उतरलेल्या सगळ्या गाड्यांनी रात्री एकमेकींना केबलनं जोडून घ्यायचं. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याला नड आहे त्याला द्यायचं, हे काम मागच्या चाकापाशी बसवलेली राखाडी पेटी करायची. तीच शेजारपेटी.

नड कुणाला आहे हे पेटीला कळायचं कसं? तर वीज खाणारं प्रत्येक यंत्र आपापल्या ढंगानं खातं. फ्रिज सुरू होताना हिसका देतो, पंखा रमतगमत वेग घेतो, शेगडी एकदम तोंड उघडते. श्वासाचं यंत्र माणसाच्या श्वासाबरोबर वरखाली होतं. केबलमधल्या प्रवाहाचे हे बारीक चढउतार पेटी सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि रांगेतल्या गाड्यांत काय काय चाललंय ते ताडायची. मग तिचा क्रम ठरलेला. आधी जीव, मग औषधांचा थंडावा, मग ऊब, आणि उरलं तर टीव्ही.

पहिल्या पेट्या सगळं दाखवायच्या. कुणी किती दिली, कुणी किती घेतली. मग जे व्हायचं तेच झालं. देणारे टोमणे मारू लागले आणि घेणारे तोंड चुकवू लागले. दोन ठिकाणी आजारी माणसांनी लाजेपोटी केबल जोडलीच नाही, आणि ती सकाळी उठली नाहीत. तेव्हापासून पेटीचं तोंड शिवलं गेलं. आता तिच्यावर आणि गाडीच्या आत दारावर फक्त एकेक दिवा असे. हिरवा, म्हणजे सगळं ठीक. पिवळा, म्हणजे रांगेतल्या कुठल्यातरी घरात जिवाशी गाठ असलेलं यंत्र चालू आहे, तर बाकीच्यांनी हात आखडता घ्यावा. घर कुठलं, हे पेटी कुणालाच सांगत नसे. ज्या गाडीत यंत्र असेल तिच्या मालकालाही नाही. एका छपराखाली राहणाऱ्यांनाही एकमेकांपासून काही झाकायचं असतं, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

हणमंतरावांना हे मुळीच पटलेलं नव्हतं. कुठल्या डीपीवर कुणाच्या घराचा किती लोड आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. आणि 'घरात पेशंट हाय' या वाक्याशी तर त्यांचं जुनं वैर होतं. एकदा भर पावसात, अशाच एका पेशंटसाठी, ते निसरड्या खांबावर चढले होते. लाईन चालू करून चहाच्या आशेनं त्या घरात डोकावले, तर पंधरा माणसं क्रिकेटची मॅच बघत बसलेली. पेशंट कोण, असं विचारल्यावर एकानं हसत हसत टीव्हीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून गरज डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नसे.

"कुणासाठी ते कळल्याबिगर मी का देऊ?" ते म्हणायचे.

"द्यायचं म्हणून द्यायचं," शालनताई म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

पहिल्या सहा रात्री तळाबाहेर एकट्यानंच उतरून सुखात गेल्या; ऊन भरपूर होतं. रोज सकाळी चहाचा कप पुढं करताना शालनताई आकडा सांगायच्या. "तीन झाल्या." "चार झाल्या." त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक चपटं चांदीचं पदक असे. लेकीनं, प्राजक्तानं, दोन वर्षांपूर्वी दिलेलं. त्या ते दिवसा क्षणभरही काढत नसत, आणि रात्री मात्र उशाशी ठेवून झोपत. बिछान्यात त्यांच्या बाजूला गादीखाली एक पातळ पट अंथरलेला होता.

"हे काय?" पहिल्याच दिवशी हणमंतरावांनी विचारलं होतं.

"कमरेला शेक. प्राजूनं पाठवलाय."

"किती खातंय?"

"पाव ॲम्पियर. तुमच्या बॅटरीला कळणारबी न्हाई."

झालं. लाईनमनला आकडा मिळाला, की त्याचं समाधान होतं.

सातव्या दिवशी ते पानेरीच्या सड्यावर पोहोचले. डोंगराच्या माथ्यावरचं मैलभर पसरलेलं काळं कातळ, कडेनं कारवीची झुडपं, आणि खाली दरीत धरणाचं पाणी. तळावर आणखी चार गाड्या होत्या. शेजारच्या गाडीत कोल्हापूरकडचे उदयसिंग घोरपडे होते, साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून जन्म काढलेले, आता एकटेच फिरणारे. त्यांनी आल्या आल्या गाडीभोवती रंगीत दिव्यांची माळ लावली आणि मिक्सरवर मिरचीचा खर्डा वाटायला घेतला. त्या माणसाचा आवाज आणि त्याचा लोड, दोन्ही हणमंतरावांच्या डोळ्यांवर आले.

त्याच रात्री जानेवारीत नको ते झालं. ढग भरून आले. अवकाळी पाऊस पडला नाही, पण धुकं असं उतरलं की घोरपड्यांची माळसुद्धा दिसेना. सकाळी ऊन नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. टपावरची काळी चादर उपाशी पडून राहिली. आणि पाचही पेट्यांवरचा दिवा रोज रात्री दहाला पिवळा व्हायचा तो सकाळी सहापर्यंत पिवळाच.

हणमंतरावांनी फ्रिज बंद केला. पंखा बंद, हीटर बंद. तरी सकाळी बॅटरी आणखी खाली गेलेली. नवव्या सकाळीही तीच कथा.

"आपलं काहीच चालू न्हाई," ते शालनताईंना म्हणाले. "मग जातीय कुठं?"

"बॅटरी थंडीनं बसत आसंल."

"बॅटरी बसत न्हाई. कुणीतरी ओढतंय."

शालनताई पांघरुणाची घडी घालत राहिल्या. बोलायला हवं होतं, असं त्यांना वाटलं असेल का? हणमंतराव पुढं कितीतरी दिवस हाच विचार करत राहिले.

नवव्या दिवशी दुपारी घोरपडे गाडीबाहेर तीन दगडांची चूल मांडून बसले होते. अंगावर घोंगडी, कानांना मफलर, आणि कारवीच्या ओल्या काटक्यांच्या धुरानं डोळ्यांतून पाणी.

"या केंजळेसाहेब, चहा घ्या. धुराचा वास येईल, पण गोड हाय."

"शेगडी बिघडली काय?"

"शेगडीला काय धाड भरलीय? पिवळा दिवा लागतोय न्हवं रोज. म्हटलं, दिवसाचं तरी वाचवावं. हीटर तर परवापासनं बंदच हाय."

"आणि ही वाचवलेली जाती कुणाला?"

"काय की. असंल कुणीतरी."

"तुम्हाला इचारावंसं वाटत न्हाई?"

घोरपड्यांनी फुंकणी खाली ठेवली. "इचारून काय करायचं? नाव कळलं म्हणून वीज जास्त का जाणार हाय?"

हणमंतरावांनी चहा घेतला, पण त्यांना त्यातलं एक अक्षर खरं वाटलं नाही. दोन दिवसांपूर्वी माळा लावणारा माणूस आज चुलीवर चहा करतो, म्हणजे नक्की सोंग. दिवसा धूर काढायचा आणि रात्री आत गुपचूप हीटर लावून झोपायचं. असे नमुने त्यांनी पस्तीस वर्षांत पोत्यानं बघितले होते.

त्या रात्री साडेबारापर्यंत ते आढ्याकडे बघत पडून राहिले. शालनताईंचा श्वास एका लयीत चालला होता. शेवटी त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. शब्दाची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण दोन मिनिटांचं काम, तिला कळणारही नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पस्तीस वर्षं ते दरवेळी हेच म्हणत आले होते.

कप्प्यातून त्यांनी टाँग टेस्टर घेतला. खेकड्याच्या नांगीसारखा याचा जबडा केबलभोवती मिटला, की आतून किती प्रवाह वाहतो ते तार न कापता कळतं. नोकरीतला हा एकच जिन्नस त्यांनी घरी आणला होता. धुक्यात चाचपडत ते मागच्या चाकापाशी गेले आणि जोडणीच्या केबलला जबडा लावला.

सव्वातीन ॲम्पियर.

आपल्या गाडीत पाव ॲम्पियरचा शेक सोडला तर काही चालू नाही, आणि केबलमधून सव्वातीन वाहतायत. हणमंतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी घोरपड्यांच्या गाडीकडे बघितलं. तिथं अंधार होता. त्याचाही त्यांनी अर्थ लावून घेतला. मग पेटीचं झाकण उघडून जोडणीचा फ्यूज उपसला आणि बंडीच्या खिशात टाकला.

खिशात टाकणं ही जुनी सवय. लाईनवर चढणाऱ्यानं फ्यूज काढून खाली ठेवायचा नसतो, तो बरोबर न्यायचा असतो. एकदा असाच खाली ठेवलेला फ्यूज कुणीतरी उत्साही माणसानं परत बसवला होता, तेव्हा हणमंतरावांच्या डोळ्यांदेखत त्यांचा जोडीदार तारेला चिकटला. त्या दिवसानंतर फ्यूज खिशात असल्याशिवाय त्यांना सुरक्षित वाटतच नसे. ज्या सवयीनं त्यांचा जीव पस्तीस वर्षं राखला, तिच्याच भरवशावर ते आत आले, आडवे झाले आणि मेल्यासारखे झोपले.

जाग आली ती हाकेनं.

"आवं." आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "आवं, लाईट कधी येणार?"

बाहेर उजाडत होतं. शालनताई बिछान्याच्या कडेला बसल्या होत्या, एका हातानं ओट्याची कड धरून. ओठ जांभळे पडले होते. दुसऱ्या हातात ते पदक होतं आणि त्या ते छातीवर दाबून धरत होत्या.

"काय होतंय तुला? शालन?"

"ह्यात उरलं न्हाई काय. रातीला हे पटावरच भरतं." त्या मध्ये थांबल्या, श्वास घेतला. "तो शेक न्हाई हो. माझ्या काळजात यंत्र बसवलंय. लहानसं हाय, गोळीएवढं. ठोके चुकत हुते म्हणून. दिवसा पदकावर चालतं, रातीला पटावर. पट बंद पडला तर तीन-चार तास निघतात."

"पट कधी बंद पडला?"

"पाचला जाग आली तवा थंडगार हुता. त्याच्या आधी कधी, ठावं न्हाई. त्याची घंटा मीच बंद केलेली, तुमाला कळू नये म्हणून."

"अगं, मग मला उठवायचं!"

शालनताई त्या अवस्थेतही थोड्या हसल्या. "म्हटलं, येईल. लाईट जाती, येती. तेहतीस वर्सं हेच बघितलं. आणि तुम्ही असं गाढ झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं."

हणमंतराव अनवाणी बाहेर धावले. खिशातून फ्यूज काढला, दोनदा जागा चुकली, तिसऱ्यांदा बसला. पेटीवर दिवा लागला. पिवळा. रांगेतल्या पाचही पेट्यांवर एकदम पिवळा. टाँग टेस्टर रात्री विसरलेला तिथंच केबलला लटकत होता, आणि त्याच्यावर आकडा आला.

सव्वातीन.

तोच आकडा. आत गादीखालचा पट गुणगुणायला लागला होता, ते त्यांना गाडीच्या पत्र्यातून ऐकू आलं. टाँग टेस्टर किती वाहतं ते सांगतो, कुणाकडून कुणाकडे ते सांगत नाही. लाईनमनच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे. नव्या पोरांना त्यांनी स्वतः शेकडो वेळा सांगितलं होतं: आकड्यावर जाऊ नका, दिशा तपासा. आणि रात्री त्यांनी आकडा बघितला, दिशा मनातल्या मनात ठरवून टाकली.

वीज बाहेर जातच नव्हती. ती आत येत होती. पटाची लहर मांसातून आणि हाडांतून पार काळजापर्यंत पोहोचवायची, तर त्यातली बहुतेक वाटेतच सांडते. म्हणून त्या पटाची भूक एवढी मोठी. तीन रात्री चार गाड्यांनी आपली ऊब काढून केंजळ्यांचं घर चालवलं होतं. हणमंतरावांच्या बॅटरीनं दिला तो त्यातला एक लहानसा वाटा, आणि तेवढ्यासाठी ते चोर शोधत होते. जोडणी तोडल्यावर अर्धी-कच्ची बॅटरी दोन तास पुरली असेल. अडीच-तीनच्या सुमाराला पट विझला.

हणमंतरावांचं ओरडणं ऐकून घोरपडे आले. त्यांनीच रुग्णवाहिकेला कळवलं आणि शालनताईंना उचलायला हात लावला. वाट बघताना शालनताईंनी हणमंतरावांची बाही ओढली.

"किती झाल्या?"

"नऊ," हणमंतराव म्हणाले. "नऊ झाल्या गं. अजून बारा हायेत. सगळ्या करू."

"आठ." शालनताईंनी डोळे मिटले. "काल तुम्ही उठलासा."

त्या जाग्या होत्या. दार उघडलेलं त्यांना कळलं होतं. त्यावर त्यांनी एक शब्द काढला नव्हता, नेहमीसारखा. घाट उतरताना त्यांचं हृदय थांबलं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी ते परत चालू केलं, पण मधली काही मिनिटं गेली ती गेली.

कऱ्हाडच्या दवाखान्यात प्राजक्ता पुण्याहून पोहोचली, तेव्हा आई यंत्रांच्या मधोमध शांत पडलेली होती. लेक बापाशी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"बाबा, दोन वर्षांपूर्वी कोकणात चक्रीवादळ झालं. तुम्ही अकरा दिवस तिकडं होता."

"हो."

"त्या अकरा दिवसांत आईचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी आली. नवीन यंत्र आहे, दोन वर्षांनी याच्यापेक्षा बरं मिळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्हाला फोन करते म्हटलं, तर आई म्हणाली, त्यांना नको, ते खांबावर असतील, हात सुटला तर?" प्राजक्तानं बापाकडे वळून बघितलं. "तुम्ही आल्यावर तिला पहिलं काय विचारलंत, आठवतंय?"

हणमंतरावांनी मान हलवली. आठवत नव्हतं.

"माझी टॉर्च कुठाय."

"मला सांगायचं होतंस तू तरी."

"तिनं शपथ घातली होती. निघायच्या आधीही म्हणाली, कळलं तर हे माणूस मला घरात बसवेल आणि माझ्या एकवीस रात्री जातील." मग ती रडायला लागली, आणि हणमंतरावांना तिच्या खांद्यावर हात ठेवायचाही धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी घोरपडे आले. हातात शहाळं घेऊन दारातच अवघडून उभे राहिले.

"केंजळेसाहेब, मला एक सांगायचंय. माझ्या मनातनं जात न्हाई. त्या रातीला एकच्या आसपास मी उठलो हुतो. पिवळा दिवा एकदम हिरवा झाला. मला वाटलं, सुटलं बिचारं, बरं वाटलं त्याला. मी खुशीत हीटर लावला आणि झोपलो. एक डाव बाहेर येऊन बघितलं असतं, तर..."

हणमंतरावांना गप्प राहता आलं असतं. पेटी कुणाचं नाव सांगत नसे; त्यांचंही सांगितलं नसतं.

"हिरवा मी केला," ते म्हणाले. "फ्यूज माझ्या खिशात हुता. मला वाटलं, तुम्ही ओढताय."

घोरपडे दोन पावलं आत आले. रागावतील, असं हणमंतरावांना वाटत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. घोरपड्यांनी शहाळं स्टुलावर ठेवलं, शालनताईंना नमस्कार केला आणि निघून गेले.

हणमंतराव रात्री बिछान्याशेजारच्या स्टुलावर बसायचे. नर्स म्हणायची, काका, बाहेर बाक आहे, तिथं आडवे व्हा. ते हलायचे नाहीत. एका रात्री दवाखान्याची वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं. त्यांचे पाय आपोआप उठायला निघाले. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं. सकाळी चहा आला, की ते शालनताईंच्या कानाशी वाकून आकडा सांगायचे. नऊ झाल्या. दहा झाल्या. चौदा झाल्या. त्यांनी आकडे तिच्याच हिशेबानं धरले होते, आठच्या पुढं.

वीस झाल्या, त्या दिवशी दुपारी शालनताई गेल्या.

एक रात्र कमी पडली. हणमंतरावांच्या आयुष्यातल्या वाया गेलेल्या हजारो रात्रींतून एक उचलून इथं लावता येत नव्हती. तेराव्याला माणसं जेवून गेली, सांत्वनाचं बोलून गेली, आणि त्यांच्या डोक्यात एवढंच घोळत राहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी ते गाडी घेऊन एकटेच पानेरीच्या सड्यावर आले. आभाळ निवळलं होतं, टपावरच्या चादरीनं दिवसभर पोटभर ऊन खाल्लं होतं. तळावर सहा गाड्या होत्या, ओळखीची एकही नाही. शेजारच्या गाडीतली एक तरुण बाई वाळत घातलेले कपडे काढत होती.

"काका, तुमची जोडणी झाली का? नसंल तर आमच्या ह्यांना सांगते, करून देतील."

"येती मला," हणमंतराव म्हणाले.

त्यांनी केबल जोडली. खिशातला फ्यूज काढला. गाडी तळावरून घरी नेताना काढलेला, तो तेव्हापासून तिथंच होता, कारण गाडी इतके दिवस अंगणात एकटी उभी होती. तो जागेवर दाबून बसवला आणि झाकण लावलं. टाँग टेस्टर त्यांनी घरीच ठेवला होता.

रात्री ते बिछान्याच्या आपल्या बाजूला आडवे झाले. दुसऱ्या बाजूची चादर त्यांनी सारखी करून ठेवली होती. दहाला दारावरचा दिवा पिवळा झाला.

हणमंतरावांनी हात लांबवून हीटर बंद केला. उशाचा दिवाही बंद केला. मग पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडून राहिले. कुठल्यातरी घरात कुणीतरी होतं. म्हातारं असेल, लेकरू असेल, किंवा नवऱ्यापासून काहीतरी लपवणारी एखादी बाई असेल. बाहेर पडून दोन पावलं टाकली असती, तर कदाचित कळलंही असतं. वारा वाढला, कातळावर काहीतरी गडगडत गेलं, कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं. ते उठले नाहीत.

उजाडलं तेव्हा दिवा हिरवा झालेला होता. थंडीनं त्यांचे गुडघे आखडले होते. ते उठून बसले, चहा टाकला, आणि सवयीनं दोन कप भरले.

"एकवीस झाल्या गं," ते म्हणाले.

दुसरा कप निवेपर्यंत ते तिथंच बसून होते.